काश्यप गोत्राचा माणूस

फोटो आला तेव्हा मी कॉलेज तपासायला आलेल्या नॅकच्या कमिटीला चहा देत होते. भूगर्भशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंनी चहा का द्यायचा, असं विचारू नका. आमच्या कॉलेजात त्या विभागात मी एकटीच, त्यामुळे प्रमुखही मीच आणि शिपाईही मीच.

फोटो सायखेड्याच्या भारतनं पाठवला होता. पूर ओसरला तसा त्याच्या शेताकडचा नदीचा काठ ढासळला होता आणि खालच्या गोट्यांच्या थरातून एक हाड डोकावत होतं. हातातली कपबशी टेबलावर ठेवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. डोळ्यांच्या दोन्ही खोबणींवर हाडाचा जाड, सलग कंगोरा होता. असा कंगोरा तुमच्याआमच्या कपाळाला नसतो.

या नदीकाठानं पायपीट करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. नाशिकच्या आसपास गोदावरीच्या जुन्या गाळात दगडी हत्यारं सापडतात, लाखो वर्षांपूर्वीची. हत्यारं आहेत, पण ती घडवणारा नाही. त्याचं एक हाड नाही की दात नाही. नर्मदेकाठी चाळीसेक वर्षांपूर्वी कवटीचा तुकडा मिळाला, तेव्हापासून सगळे तेवढ्या एका कवटीवर भांडत बसलेत. दुसरी मिळाली तर निदान ताडून बघता येईल, तो आपला सख्खा होता की चुलत. ती दुसरी कदाचित माझ्या फोनमध्ये होती. पण नुसत्या फोटोला कोण विचारतो? हाड हातात हवं.

भारतला लगेच फोन केला. "हात लावू नको. मी येते."

"पाणी पुन्हा वाढलं तर, मॅडम?"

"तर काढून पोत्यावर ठेव. धुऊ नको आणि गावभर दाखवू नको."

प्राचार्यांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. ते म्हणाले, "हाडच आहे ना? मग ते कुठं पळून जातंय?" कमिटी गेल्यावर जा म्हणाले. कमिटी अंधार पडेपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. कुंभमेळ्यासाठी सगळं नाशिक खणून ठेवलंय, मला हवं तेवढं मात्र कुणी खणत नाही. धूळ खात, वळसे घेत सायखेड्याला पोचले तर पोतं रिकामं. भारतचा चुलता रावजी बांधावर बसला होता.

"ते तर रामकुंडावर गेले. लंकाबाई बी गेली. आज सर्वपित्री नाय का."

"आणि हाड?"

"तेच घेऊन गेले ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे येताना वाटेत कुठंतरी त्यांची गाडी माझ्या समोरूनच गेली असणार. भारत फोन उचलेना.

गाडी वळवली आणि शिव्या देत सुटले, पहिल्यांदा प्राचार्यांना, मग भारतला, शेवटी स्वतःला. कारण लंकाबाई म्हणजे भारतची आई, आणि गेल्या उन्हाळ्यात तिच्या चुलीपुढं बसून मीच तिला सगळं सांगितलं होतं. जॉर्जिया नावाच्या देशात एक फार जुनी कवटी मिळाली. तोंडात एकच दात उरलेला, बाकीच्यांच्या खोबणी भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही तो काही वर्षं जगला. म्हणजे कुणीतरी त्याला मऊ काही भरवलं असणार. भाकरी थापणारा लंकाबाईचा हात थांबला. "मंजी मानूसच की," ती म्हणाली. मी केवढी खूश झाले होते. "माणूसच, मावशी. आपला पूर्वज."

घ्या आता.

गोदावरी सायखेड्याच्या दारातून वाहते, पण अस्थी विरघळतात त्या रामकुंडातच, असं आमच्याकडे सगळे मानतात. त्यात सर्वपित्री अमावस्या, ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही त्यांचा दिवस. कुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. भारत सापडला तो न्हाव्यासमोरून उठताना. त्यानं चक्क मुंडण केलं होतं.

"हाड कुठंय?"

त्यानं पाण्याकडं बघितलं. "आई ऐकंना, मॅडम."

मी चपलांसकट पाण्यात उतरले. एका गोष्टीचा भरवसा होता. ते हाड कधीच दगड होऊन गेलेलं, ते काही विरघळणार नव्हतं. इथंच कुठंतरी बुडाशी असणार. वाकून चाचपायला लागले. नाणी, फुलं, ओलं कापड. मग काहीतरी गोल, जाड हाताला लागलं. वर काढलं तर नारळाची करवंटी. पुन्हा हात घातला. या वेळी बोटांत आला तो एक हलका, पांढरा, भाजलेला तुकडा. तो आत्ताचा होता, कुणाच्या तरी घरातला. मी तो घाईघाईनं सोडून दिला.

"ताई, इथलं उचलायचं नसतं," पायरीवरचे गुरुजी म्हणाले.

ते माझ्या डोक्यात शिरलं. हे कुंड चाळायचं म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची गेलेली माणसं चाळायची. त्याची परवानगी कोण देणार, आणि मी ती मागणार तरी कोणत्या तोंडानं?

लंकाबाई ओल्या लुगड्यानं पायरीवर बसली होती. मी तिच्यावर तुटून पडले. "मावशी, हात लावू नका म्हटलं होतं ना? तो काय एकट्या तुमचा होता? माझाही पूर्वज होता तो. मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तुमचा बी होताच की," ती शांतपणे म्हणाली. "म्हनून तर तुमचं नाव घातलं."

झालं होतं ते असं. गुरुजींनी मयताचं नाव विचारलं. ते माहीत नव्हतं. गोत्र विचारलं. तेही माहीत नव्हतं. गुरुजी अडले नाहीत, गोत्र ठाऊक नसलं की काश्यप लावतात. तो कोण, कुणाचा, यावर विद्वान आयुष्यभर भांडतात. गुरुजींनी दर्भाची काडी हातात असतानाच निकाल लावला. मग त्यांनी विचारलं, त्याला पाणी कुणाकुणाच्या वतीनं सोडायचं?

"भारतचं नाव सांगितलं," लंकाबाई म्हणाली. "आन् म्हनलं, भाग्यश्री मॅडमचं बी घ्या. तिच्याएवढं त्याला कुनी शोधलं नाय."

मला भयंकर राग आला. इतका, की रडूच फुटलं. भर रामकुंडात, गुडघाभर पाण्यात, पन्नाशीची बाई हमसून हमसून रडत होती आणि कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. तिथं रडणाऱ्याला कारण विचारत नाहीत.

लंकाबाई पाण्यात उतरली, माझा हात धरून तिनं मला पायरीवर बसवलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडा," ती म्हणाली. "एवढा काळ झाला, त्याच्यासाठी कुनी रडलं बी नसंल."

"मावशी, मी रागानं रडतेय."

"येतो की," ती म्हणाली. "आपलं मानूस गेलं की राग बी येतो."