साठ पायल्यांचे बिनव्याजी कर्ज

या जगात न्याय म्हणून जी काही वस्तू आहे, ती कोर्टात नाही, कचेरीत नाही आणि देवळातही नाही. ती माझ्या पोटात आहे. राजा येवो वा रंक, माझ्या काठाशी सगळे सारखे. मी आजवर कोणाला दाणाभर जास्त दिला नाही आणि कोणाचा दाणाभर मारला नाही.

मित्रांनो, मी एक जुना पितळी अच्छेर आहे. म्हणजे धान्य मोजण्याचे, अर्ध्या शेराचे माप. एका बाजूने चेपलेला असल्यामुळे माझ्यात न्याय थोडा कमीच मावतो, हे आधीच सांगून टाकतो.

कल्याणच्या काळुराम तांबटाने मला ठोकून घडवले. दर दहा घावांनंतर तो मला कानाशी धरून वाजवी आणि गिऱ्हाइकाला सांगे, "हा लबाडी करणार नाही." गिऱ्हाईक दुकानदार असले की ते तिथूनच परत फिरे. त्यामुळे मी बरेच दिवस फळीवर पडून होतो. शेवटी एका शाळामास्तरांनी आपल्या मुलीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतले. त्या मुलीचे नाव उत्तरा. तिच्याबरोबर मी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीत आलो, आणि दुसऱ्या मजल्यावर चढताना हमालाच्या हातून निसटून पहिल्या मजल्यावर परत गेलो. चेपलो तो तेव्हा.

उत्तराबाईंचे यजमान त्र्यंबकराव मुंबईच्या एका कचेरीत कारकून होते. पगार एकशेवीस रुपये. माणूस निर्व्यसनी, गोड बोलणारा आणि भाताचा शौकीन. घरात पुढे दोन मुले झाली. मी एकदा भरलो की चौघांचा दुपारचा भात व्हायचा. बाई मला शिगेपर्यंत भरीत, वरून हाताने सपाट करीत आणि पातेल्यात ओतीत. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. अशा दिवसांत सांगण्यासारखे काही नसते, म्हणून पुढे जातो.

एकोणपन्नास साली त्र्यंबकरावांची धाकटी बहीण प्रमोदिनी हिचे लग्न ठरले. सहाशे रुपये कमी पडत होते. ते कल्याणच्या विश्रामदादांनी दिले. विश्रामदादा त्र्यंबकरावांचे थोरले चुलतभाऊ. वकिलाकडे कारकून होते, त्यामुळे चिठ्ठी लिहून घ्यायला विसरले नाहीत. महिन्याला दहा रुपये फेडायचे, पाच वर्षांत मोकळे. व्याजाचा विषय निघाला तेव्हा दादांनी दोन्ही कानांना हात लावले.

"भावाभावांत व्याज कसलं रे त्र्यंबक? रविवारी येत जाईन. तेवढंच भेटणं होईल."

त्र्यंबकरावांच्या डोळ्यांत पाणी आले. उत्तराबाईंच्या आले नाही. त्या आत तांदूळ निवडत होत्या.

पुढल्या रविवारी दादा आले. बरोबर वहिनी आणि तीन मुलगे. पुढच्याही रविवारी आले. मग ते पंचांगात असल्यासारखे येऊ लागले. मुलगे वाढत्या वयाचे होते आणि वाढतच राहिले. दर रविवारी मला नेहमीपेक्षा दोन वेळा जास्त भरावे लागे. मित्रांनो, तुम्ही गणितात हुशार असाल तर मांडून पाहा. आठवड्याला दोन अच्छेर म्हणजे एक शेर, महिन्याला चार शेर म्हणजे एक पायली, पाच वर्षांत साठ पायल्या. त्या काळात तांदूळ रेशनवर मिळे, आणि पाहुणा आला तरी त्याचे कार्ड त्याच्या घरीच राही. वरचा तांदूळ चोरून, दुप्पट भावाने घ्यावा लागे. कोपऱ्यावरच्या सावकारालाही एवढे व्याज मागायला लाज वाटली असती. पण सावकाराला कोणी ताट मांडून, पंख्याने वारा घालून, "आणखी थोडा भात घ्या ना" असे म्हणत नाही.

त्र्यंबकराव मात्र चाळभर सांगत, "दादांसारखा माणूस व्हायचा नाही. एका पैचं व्याज नाही."

उत्तराबाईंपुढे प्रश्न साधा होता. दहा रुपयांचा हप्ता चुकवायचा नाही, मुलांच्या ताटात कमी वाढायचे नाही, यजमानांना दुसऱ्यांदा भात नाही असे सांगायचे नाही, आणि दादांना तर नाहीच नाही. उरले कोण? एका सोमवारी सकाळी त्यांनी मला भरले, क्षणभर पाहिले आणि त्यातून मोठी मूठ भरून तांदूळ परत डब्यात टाकला. मग अंघोळ करून आलेल्या त्र्यंबकरावांना म्हणाल्या, "आजपासून मी सोमवार धरलाय."

सोमवारच का, तर रविवारी पाहुणे जेवून गेले की सोमवारी डब्याचा तळ दिसे. देव त्यांनी भक्तीने निवडला नाही, डब्यात वाकून निवडला. वर्षभराने तांदळाचा भाव चढला, तेव्हा दत्ताचा गुरुवार आला. थोरल्या मुलाची फी वाढली, मारुतीचा शनिवार आला. धाकट्याला गोवर निघून औषधाचा खर्च झाला, त्यातून एकादशी आणि संकष्टी निघाली. एकेका अडचणीमागे एकेक देव उभा राहिला, पण उपाशी राहायचे काम बाईंकडेच असे.

तुम्ही म्हणाल, उपासाला खिचडी असते, शेंगदाण्यांची आमटी असते, रताळी असतात. असतात. पण ती भातापेक्षा महाग असतात. म्हणून बाईंचे उपास कडक. दिवसभर पाणी आणि संध्याकाळी अर्धा कप चहा. शेजारच्या कमळाबाई भारावून जात. "काय निष्ठा हो," असे त्या नळावर चार बायकांना सांगत. हळदीकुंकवाला बाईंना पाटावर बसवू लागले. नवीन सुना त्यांच्या पाया पडू लागल्या. पाटावरून उठताना बाईंना भोवळ येई, तेव्हा त्या भिंतीला हात लावीत. बायकांना वाटे, समाधी लागली.

मी हे सगळे रोज मोजत होतो. पण मापाला कोणी काही विचारत नाही.

चौपन्न साली शेवटचा हप्ता गेला. विश्रामदादांनी रविवारी जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता चिठ्ठी फाडली. त्र्यंबकरावांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. चाळीत पेढे वाटले. पाच वर्षांत सहाशे रुपये फेडणारा माणूस म्हणून जो तो त्र्यंबकरावांची पाठ थोपटून गेला. त्यांचे पोटही त्या पाच वर्षांत जरा सुटले होते, त्यामुळे ते अभिनंदनाला शोभूनही दिसले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बाईंनी मला शिगेपर्यंत भरले. मूठ काढली नाही. दुपारी मुले शाळेतून जेवायला आली, तेव्हा त्यांनी तीन ताटे मांडली. तिसरे स्वतःचे. पहिला घास हातात होता, तोच कमळाबाई विरजण मागायला दारात आल्या.

"अगं बाई. उत्तराबाई, आज सोमवार ना?"

"हो. सोडला."

"उद्यापन न करता?"

मित्रांनो, व्रत धरायला काही लागत नाही, पण ते सोडायचे तर उद्यापन करावे लागते. पूजा, दक्षिणा आणि जोडप्यांना जेवण. खडवलीला कमळाबाईंच्या मावससासूने असाच गुरुवार मध्येच टाकला होता, तर आठ दिवसांत तिची दुभती म्हैस गेली, असे त्यांनी दारातच सांगितले. आणि बाईंची तर पाच व्रते. पाच व्रतांना म्हशी पुरणार नाहीत, असे त्यांचे मत दिसले.

बाईंनी हातातला घास धाकट्याला भरवला.

संध्याकाळपर्यंत हे त्र्यंबकरावांच्या कानावर गेले. ते अस्वस्थ झाले. कर्ज फिटताच देव सुटला, असे लोक म्हणतील. फेडणारा माणूस म्हणून कालच नाव झाले होते, ते आजच बुडणार. त्यांनी कागद घेऊन हिशोब केला. पाचही व्रतांचे उद्यापन एकाच दिवशी, अकरा जोडपी, भटजी, बायकांना खण. एकशेपंचवीस रुपये.

"दादांकडून आणतो," ते म्हणाले.

बाई माझ्या डब्यापासून उठल्या. "मी उपास करत राहते. जन्मभर करते. पण पैसे आणू नका."

"अगं, घाबरतेस काय? दादा व्याज घेणार नाहीत."

उद्यापन थाटात झाले. त्या दिवशी मी पहाटेपासून राबलो. बावीस माणसे जेवली, भटजी जेवले, कमळाबाईंची नातवंडे जेवली, आणि विश्रामदादांच्या तीन मुलांनी पैज लावून भात खाल्ला. उत्तराबाई नऊवारी खोचून वाढत होत्या. चार वाजता पंगती उठल्या, तेव्हा पातेल्यात खरवड होती आणि तीही कमळाबाईंची धाकटी नात मागत होती. बाईंनी ती देऊन टाकली आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. पाच व्रतांची सांगता झाली त्या दिवशीही त्यांना उपास घडला.

हात धुताना विश्रामदादा म्हणाले, "छान झालं हो, उत्तरा. आता पुढल्या रविवारपासून आमचं पूर्वीसारखं."

मंगळवारी सकाळी नळावर कमळाबाईंनी कौतुकाने विचारले, आता कुठले व्रत धरणार. उत्तराबाईंनी कळशी नळाखाली लावली आणि शांतपणे सांगितले, "आता माझं नाही. आता यांनी धरलंय. सूर्यनारायणाचा रविवार. दिवसभर घरात चूल म्हणून पेटवायची नाही. चहासुद्धा नाही."

कळशी भरायच्या आत बातमी तिसऱ्या मजल्यावर गेली. संध्याकाळी त्र्यंबकराव कचेरीतून आले, तर जिन्यात दोघांनी त्यांना वाकून नमस्कार केला. तिसऱ्याने विचारले, दृष्टान्त झाला होता का. त्र्यंबकराव म्हणाले, तसे काही नाही. ते लोकांना फारच आवडले.

घरात शिरताच त्यांनी आवाज चढवला. "मी कधी रविवार धरला?"

बाई भाकरी थापत होत्या. "नको असेल तर सोडा. पण उद्यापन करावं लागेल."

त्र्यंबकराव पाटावर बसले. मग त्यांनी निमूटपणे पाय धुतले.

रविवारी विश्रामदादा सहकुटुंब आले. चूल सारवलेली, थंड. यजमान डोळे मिटून बसलेले, कारण उघडे ठेवून भूक आवरत नव्हती. बाईंनी मुलांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. दादांनी एक वाजेपर्यंत भक्तीची स्तुती केली. चहाची वाट पाहिली. मग मुलांकडे पाहिले आणि उठले. आणखी दोन रविवार त्यांनी देवाची परीक्षा पाहिली. त्यानंतर त्यांना रविवारी कामे निघू लागली. एकशेपंचवीस रुपये आठ महिन्यांत फिटले आणि या वेळी ते खरोखरच बिनव्याजी होते. नंतरही रविवारी त्या घराची चूल पेटली नाही. बाई आणि मुले दहीपोहे खात. त्र्यंबकराव पाहत.

कथा इथे संपली असती तर मी टाळ्या मागितल्या असत्या. पण मी माप आहे, राहिलेलेही मोजावे लागते. त्या वर्षी चाळीच्या उत्सवात "काटकसर आणि ईश्वरनिष्ठा" या विषयावर त्र्यंबकरावांचे भाषण झाले. त्यांनी देवाचे आभार मानले, विश्रामदादांचे मानले, कचेरीतल्या साहेबांचे मानले. वेळ संपली, म्हणून थांबले. त्यांना नारळ मिळाला. त्याची चटणी उत्तराबाईंनी वाटली.

आता घरात कसली ददात नव्हती. बाई मला रोज पूर्ण भरीत. ताट वाढून घेत, दोन घास खात आणि हात आखडून घेत. तिसरा जाईना. डॉक्टर म्हणाले, पोटाला सवय राहिली नाही, होईल हळूहळू. ती झाली नाही. कर्ज दोनदा फिटले, भूक मात्र परत आली नाही. त्र्यंबकराव काळजीने म्हणत, "आता तरी नीट खा गं." आणि बाईंच्या ताटातला उरलेला भात आपल्या ताटात ओढून घेत, वाया जाऊ नये म्हणून.

पुढे सरकारने शेर-पायल्या बंद करून किलो आणले. मी निवृत्त झालो.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी मोठी माणसे अभिमानाने सांगतील, आमचे कर्ज फिटले. तुम्ही जरूर आनंद माना. पण मग आत जा आणि पाहा, ते कोणाच्या ताटातून फिटले. स्वयंपाकघरात उपास फार झाले, तर देवाला हात जोडण्याआधी डब्यात वाकून पाहा. घरातल्या बाईला कधीतरी आधी वाढा, आणि ती जेवेपर्यंत समोरून उठू नका. एवढे केलेत तर काळुराम तांबटाचे घाव सत्कारणी लागले असे मी समजेन.

आणि आणखी एक. कालपासून मला कोणीतरी मोरीजवळ पालथे घालून ठेवले आहे. आत एक झुरळ अडकले आहे. तेवढे जरा मला उचलून त्याला बाहेर सोडा.