आंजीचे वजन

सूर्यावर काही बिनसले की सबंध विदर्भात ते सर्वांत आधी आंजीच्या प्रेमदासला कळत असे. मात्र ते जगाला कळवायला त्याला अण्णाजींच्या किराणा दुकानात जावे लागे, कारण फोन तिथे होता. आणि अण्णाजी जेवायला गेले की तो कुलपात असे.

२००३ सालच्या दिवाळीनंतरच्या बुधवारी दुकान उघडे होते. प्रेमदास रिसीव्हर धरून उभा होता आणि त्याच्या तोंडून आकडा फुटत नव्हता.

"बोल ना बापा! मिठाईचं दुकान आहे का, काय घेऊ काय घेऊ करून राह्यला?" अण्णाजी म्हणाले.

प्रेमदासचे काम साधे होते. गावाबाहेर एक खोली. तीत एकही लोखंडी खिळा नाही. सायकल, किल्ल्या, पट्टा लांब लिंबाखाली ठेवायचे, एका हाताने पँट सावरत आत शिरायचे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची सुई किती घसरली ते लिहायचे. सूर्याकडून वादळ आले की ती जास्त घसरते. चौदा वर्षे तो हे करत होता.

दोन वर्षांपासून मुख्यालयातला कॉम्प्युटर सकाळी अंदाज बांधी आणि दुपारी केंद्रांचे आकडे मागवून तो दुरुस्त करी. ज्या केंद्राचा आकडा अंदाजाशी जुळे, त्याच्यावर विश्वास जास्त. या विश्वासाला तिकडे 'वजन' म्हणत. आंजीचे वजन सर्व केंद्रांत जास्त असल्याचे पत्र आधी दुसऱ्याच, लहान आंजीला फिरून मग इथे, मोठ्या आंजीला आले, तेव्हा प्रेमदासच्या बायकोने, सुलोचनेने, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि "त्यायचा काटा बिघडला असन," एवढेच म्हटले.

वजनाचे कारण वेगळे होते. अंदाज रोज सकाळी मुख्यालयातले साहेब फोनवर सांगत. साहेबांनी वीस सांगितले आणि सुईने सव्वीस दाखवले, तर प्रेमदास बावीस कळवी. मोठ्या माणसाला तोंडावर खोटे पाडू नये, हे त्याला घरी शिकवले होते.

आज साहेबांनी वीस सांगितले होते. सुई तीनशे बारावर होती. खिशात काही राहिले असेल म्हणून तो बाहेर येऊन, शर्टसुद्धा काढून पुन्हा आत गेला. सुई तिथेच.

"आंजी, लवकर!" पलीकडून आवाज आला.

"पस्तीस, साहेब."

दुसऱ्या दोन केंद्रांनी तीनशे कळवले होते. कॉम्प्युटरने वजने पाहिली, आंजीचे ऐकले, त्या दोघांना नादुरुस्त ठरवले आणि 'सर्व शांत' असे जाहीर केले. त्या भरवशावर समुद्रात गेलेल्या एका बोटीचा वायरलेस सूर्याच्या वादळाने दिवसभर मुका राहिला. माणसे वाचली, पण त्या रात्री त्यांच्या घरी चुली पेटल्या नाहीत.

आठवड्याने साहेब स्वतः आले.

"सुई किती होती?"

"तीनशे बारा."

"मग पस्तीस का सांगितलंत?"

"तुमी वीस म्हटलं होतं, साहेब. मी तं तुमच्यापुढं पंधरा गेलतो."

साहेब खाली बसले. "म्हणजे दोन वर्षं आम्ही आमचाच अंदाज तुमच्या तोंडून ऐकत होतो?"

चहा घेऊन आलेली सुलोचना नवऱ्याला म्हणाली, "भाजीत मीठ जास्त झालं तं मले लगेच सांगता ना वो? तवा नाई भेत!"

प्रेमदासने वही पुढे केली. तिच्यात दोन रकाने होते: 'पाहिला' आणि 'कळवला'. साहेब बराच वेळ पहिल्या रकान्यावरून बोट फिरवत राहिले.

"हे खरे आकडे घालून आम्ही सगळं पुन्हा तपासू. उपयोग होईल. पण आंजीचं वजन शून्य करावं लागणार, प्रेमदास. पुढच्या महिन्यात इथे आपोआप आकडे पाठवणारं यंत्र बसेल."

"त्याले सकाळी अंदाज नका सांगू, साहेब. तेबी बिघडन."

साहेबांनी कागद काढून वाचून दाखवला. 'केंद्र: आंजी. वजन: शून्य. कारण: निरीक्षकाचा दोष.' प्रेमदासने पट्टा घट्ट केला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि सावकाश सही केली. कागद मात्र त्याच्या हातून सुटेना.

"साहेब, एक इनंती होती."

"दोष खोडता येणार नाही."

"नाई, ते राहू द्या. फक्त आंजीच्या पुढं कंसात 'मोठी' लिहा. नाईतं लोकायले दुसरी वाटन."