जमिनीखालचे मजले

आत्याच्या गच्चीवर ड्रिल सुरू व्हायच्या बेतात होतं आणि मी ऑफिसात बसून दादासाठी एक चित्र तयार करत होते. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, शंकेखोरांचा मेरुमणी. आत्याचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं आणि तिच्याकडे दुपारनंतर वीज हमखास जाते. "सोलरवर मशीन रात्रीपर्यंत चाललं तर आई इथे राहील, नाहीतर माझ्याकडे येईल," असं त्याने बजावलं होतं. आत्याचा सगळा जीव तिच्या घरात. सोलरचं डिझाइन हे माझंच काम, म्हणून तिने माझ्यावर हवाला ठेवला होता.

अडचण एकच होती. पश्चिमेला, कुंपणाला लागून एक इमारत येणार होती. सध्या तिथे नुसता खड्डा. जी इमारत बांधलेलीच नाही तिची सावली मोजायची तर तिचं थ्रीडी मॉडेल हवं. ते मी बिल्डरच्या आर्किटेक्टच्या हातापाया पडून मिळवलं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं आणि सावली चालवून पाहिली. गच्ची थेट संध्याकाळपर्यंत उन्हात होती. रिपोर्ट वाचून दादाने चक्क मान डोलावली.

आता त्याला चित्रही हवं होतं. ते फिरवताना माउस जरा जास्तच ओढला गेला आणि मला जमीन खालून दिसली. एरवी खालून कोण कशाला बघतंय! जमिनीच्या पोटात पार्किंगचे मजले लटकत होते, खांबांसकट, रॅम्पसकट. हे मजले खरं तर जमिनीच्या वर येणार होते; आर्किटेक्टने शून्याची पातळी त्यांच्या डोक्यावरच्या बागेला धरली होती. सॉफ्टवेअरने ते शून्य निमूटपणे जमिनीला टेकवलं आणि त्याखालचं सगळं गाडून टाकलं. मी ज्या इमारतीची सावली मोजली ती निम्मीच होती. आणि मॉडेल घेतल्यावर आधी उंची ताडून बघा, हे नव्या पोरांना ओरडून सांगणारी मीच!

मॉडेल वर उचललं, सावली पुन्हा चालवली. दुपारची जेवणं उरकतात न उरकतात तोच ती कुंपण ओलांडून आली आणि बघता बघता सगळी गच्ची व्यापून बसली. पॅनेल सरकवायला एक कोपरा उरला नाही. बॅटरी अर्धीसुद्धा भरेना.

गप्प बसावं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? मग गच्चीवरच्या मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, ड्रिल थांबवा. एकही भोक पाडू नका."

"अहो ताई, खुणा करून झाल्यात!"

"थांबवा म्हणते ना."

लगेच दादाला लावला. तो आत्याच्या खोलीतच होता. फोन स्पीकरवर, मागे मशीनची घरघर. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे रिपोर्ट खोटा होता?"

"खोटा नाही रे, चुकीचा. माझी चूक आहे."

"मग प्रश्नच मिटला. आईची बॅग भरतो."

मला रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात आत्याचा आवाज आला, "थांब रे जरा. काय गं पोरी, ती इमारत उभी राहणार कधी?"

"बिल्डर तीन वर्षं म्हणतोय. म्हणजे तू पाच धर."

"आणि तोवर ऊन?"

"तोवर भरपूर आहे."

आत्या हसली. हसताना तिला दम लागला आणि आम्ही दोघंही तो ओसरायची वाट बघत राहिलो.

"डॉक्टर माझ्या पुढच्या वर्षाबद्दल बोलायला तयार नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही पाच वर्षांनंतरच्या सावलीवरून भांडताय होय?"

दादा खाकरून म्हणाला, "मिस्त्रींना सांग, सुरू करा म्हणावं."

मी सांगितलं. फोनमधून ड्रिलचा आवाज आला. समोर पडद्यावर ती इमारत आता पुऱ्या उंचीने उभी होती. मला अगदी मनापासून वाटलं, ती बांधली जावी, शेवटच्या मजल्यापर्यंत. तिची सावली भर दुपारी त्या गच्चीवर पडावी आणि बॅटरी भरत नाही म्हणून आत्याने फोन करून मला चांगलं फैलावर घ्यावं.