कोळ्यासाठी बंद राहिलेलं फाटक

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी फाटक आहे. पाराग्वेमध्ये इताउग्वा गावाबाहेर लाल मातीच्या रस्त्याला लागून न्या ब्रिहिदाचं घर आहे, तिथलं. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'न्या' म्हणतात.

तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी आपल्या हाताने मला घडवलं. तो देवाघरी गेला, मी राहिले. आमच्याकडे कडी वाजवायची पद्धत नाही. पाहुणा फाटकाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो, मग आतून "या, या" अशी हाक येते आणि मी उघडते. "ब्रिहिदाचं फाटक कसं लोण्यासारखं फिरतं!" असं लोक म्हणायचे, आणि मला धन्य वाटायचं. तिचा धाकटा सेल्सो तर माझ्यावर लोंबकळतच मोठा झाला.

हाच सेल्सो एक दिवस गाठोडं घेऊन निघाला. ब्युनोस आयर्सला बांधकामावर जायचं म्हणाला. आईला न विचारता त्याने सगळं ठरवून टाकलं होतं.

"जायचं तर जा," ब्रिहिदा पायरीवरून ओरडली. "पण या फाटकातून पुन्हा आत पाऊल टाकू नकोस!"

"नाही टाकणार!" तो म्हणाला, आणि त्याने मला इतक्या जोरात आपटलं की वरची पट्टी तडकली. तो तडा अजून आहे.

दोन वर्षं गेली. मग एका वसंतात, लिंबाला फुलं आली तेव्हा, माझ्या पट्टीपासून बाजूच्या खांबापर्यंत एका इवल्याशा कोळ्याने जाळं विणलं. ब्रिहिदा पहाटेचं अंगण झाडत होती. जाळं दिसताच तिने खराटा उचलला, आणि तसाच खाली ठेवला. तुम्हाला सांगते, आमच्या गावच्या बायका रंगीत दोऱ्यांची जी नाजूक जाळी विणतात, ती कोळ्याकडूनच शिकल्या असं मानतात. ब्रिहिदाने क्रूसाची खूण केली आणि पुटपुटली, "मारियामाउली, या जिवाला मी माझ्या दारातून हाकलणार नाही. तू माझ्या पोराला घरी आण."

जाळं तुटू नये म्हणून तिने दोर आणून मला खांबाला बांधून टाकलं. त्या दिवसापासून घरची माणसं शेजारच्या तोमासाच्या कुंपणातल्या भगदाडातून ये-जा करू लागली.

"बाई गं, तुझ्याकडे यायचं तर माझ्या कोंबड्यांना विचारून यावं लागतं लोकांना!" तोमासा हसायची. "परवा पाद्रीबुवांचा झगा तारेत अडकला. चांगले पुटपुटत होते, आणि ती काही प्रार्थना नव्हती!"

"हसा हसा," ब्रिहिदा म्हणायची. "माझा नवस आहे."

उन्हाळा आला. कोळी बोटाएवढा झाला. ब्रिहिदा रोज पडवीत खुर्ची टाकून थंडगार माते, म्हणजे पानांचा गार चहा, नळीने ओढत त्याच्याकडे बघत बसायची. त्याला तिने नावच ठेवलं होतं, मास्तरीणबाई. "निमिया, ये बघ," ती लेकीला हाक मारायची, "मास्तरीणबाईंनी रात्रीच्या वादळात फाटलेलं सगळं पुन्हा विणलं. तू मात्र जाळीतलं एक फूल चुकलीस की आठ दिवस रुसून बसतेस."

"तिला स्वयंपाक नसतो, आई," निमिया म्हणायची.

मी मात्र उभ्या उभ्या गंजत होते. माझ्या पायाशी गुडघाभर गवत वाढलं. कुणी टाळ्या वाजवेना. तरी माझी तक्रार नव्हती. माझ्या अंगावर एका आईचा नवस बांधलेला होता.

आमच्याकडे ऋतू उलटे; मार्च-एप्रिलात शरद लागला आणि ईस्टरचा पवित्र आठवडा आला. या दिवसांत दूर गेलेले सगळे घरी परततात. घरोघरी मातीच्या भट्टीत चिपाच्या, म्हणजे चीज घातलेल्या पावाच्या, खमंग कड्या भाजतात. गुड फ्रायडेच्या सकाळी ब्रिहिदा, निमिया, तोमासाच्या घरचे, सगळे चर्चमध्ये गेले होते. पहिली बस थांबली, आणि रस्त्याने सेल्सो आला.

तो बारीक झाला होता. बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने टाळ्या वाजवल्या. थांबला. पुन्हा वाजवल्या. घर गप्प. मग त्याने खाली पाहिलं. ते गवत, तो दोर, त्याच्या गाठीवर साचलेली महिन्यांची धूळ त्याने पाहिली.

"म्हणजे खरंच बंद केलंस, आई," तो हळूच म्हणाला.

दोराकडे त्याचा हात गेला. जाळं थरथरलं, कोळी मधोमध येऊन उभा राहिला, आणि सेल्सोने हात मागे घेतला. जाळी विणणारीचंच पोर ते. त्याच्याने जाळं तोडवेना. टोपी सारखी करून तो आल्या वाटेने परत गेला. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं, अरे, कुंपणाला भगदाड आहे!

थंडी पडली. माझ्या तड्यात अंड्यांची पिवळसर पिशवी ठेवून कोळी एका दहिवराच्या पहाटे मरून पडला. ब्रिहिदाने त्याला लिंबाखाली पुरलं. तेवढ्यात तोमासा लगबगीने आली.

"काय गं छुपी! बसवाला आत्ता सांगत होता, गुड फ्रायडेला तुझा सेल्सो आला होता म्हणे. शेजारणीला पत्ता नाही! काय आणलं लेकाने?"

"कुठे आला होता?" ब्रिहिदाने विचारलं.

तोमासाचं हसू मावळलं.

ब्रिहिदा धावत माझ्याकडे आली. तिने दोर सोडायचा प्रयत्न केला; गाठ सुटेना, म्हणून दातांनी तोडला. मला ओढलं. माझ्या बिजागऱ्या गंजून जाम झाल्या होत्या. मी हललेच नाही. माझ्यावर कपाळ टेकून ती जे रडली, ते मी कुणाला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पहारीने मला उचकटून काढलं. "नको मला फाटक," ती म्हणाली. अंड्यांची पिशवी मात्र तिने कुणाला काढू दिली नाही. आता मी खुराड्याला टेकून असते. तोमासाच्या भाच्याकरवी तिने ब्युनोस आयर्सला निरोप धाडला, पण तो राहायचा त्या खोलीत आता दुसरेच लोक राहतात.

माझ्या जागी नुसती मोकळी वाट आहे. तिथून शेजाऱ्यांची गाय येते, डुकरं येतात, निमियाचा मंडिओकाच्या कंदांचा वाफा तुडवून जातात. ब्रिहिदा कुणालाच हाकलत नाही. सेल्सो अजून आलेला नाही.

मित्रांनो, रुसून गेलेल्या माणसासाठी देवाकडे जरूर मागा. मीही मागते. पण जे देवाला सांगता, ते वेळेवर त्या माणसालाही सांगा.