बटण कोणी धरायचं

आमच्या जावयांची एक खोड आहे. ते कधी ‘नाही’ म्हणत नाहीत आणि कधी काही देतही नाहीत. “बघू, आई,” एवढं म्हणतात आणि दुसरा चहा मागतात.

सूनबाईने नेटवर्कच्या परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हाही त्यांनी हेच केलं. ही परीक्षा म्हणजे कचेरीतले सगळे संगणक एकमेकांना जोडायचे आणि जोडणी तुटली की शोधून काढायची, त्याची. सून दवाखान्यात टेलिफोनवर बसते. तिथल्याच संगणकांच्या खोलीत एक जागा निघाली होती. साहेब म्हणाले, तीन महिन्यांत पास झालीस तर जागा तुझी, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ. आधी एकदा ती नापास झाली होती. पडद्यावरच्या चित्रातली यंत्रं जोडून शिकली आणि परीक्षेत खरी पुढ्यात आली, तर वायर कुठे खुपसायची इथपासून अडली.

जावई त्याच धंद्यातले. त्यांच्या कचेरीत जुने राउटर आणि स्विच, म्हणजे संगणक जोडायच्या पेट्या, कपाटभर धूळ खात पडलेत, हे त्यांनीच फुशारकीने सांगितलेलं. सरावाला त्यातले चारपाच द्या म्हटलं, तर दोन महिने “बघू” झालं. मग एका रविवारी पाय पसरून म्हणाले, “वहिनी, कशाला डोक्याला ताप? टेलिफोनवर काय वाईट चाललंय?”

सून नुसती हसली. ते हसू मला ओळखीचं वाटलं. पंचवीस वर्षं मी तसंच हसत आले होते.

शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली, पण कचेऱ्या पंचवीस वर्षं झाडल्या. कचेरी हलली की मागे काय टाकून जातात आणि ते कोणाच्या दुकानात जातं, हे साहेबांना ठाऊक नसतं, झाडणारीला असतं. सुनेकडून यंत्रांचे नंबर कागदावर मोठे लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेले. तो माझ्या चांगल्या ओळखीचा. कचेऱ्यांची रद्दी मी त्यालाच घालायचे.

“मावशी, हे कशाला? यावर पिक्चर दिसत नाही.”

“ठाऊक आहे. तू वजन कर. आणि बाजूच्या लोखंडी पट्ट्यांचे हे कान आधी काढ. कानांचे पैसे मी देणार नाही.”

“तुमच्याशी कोण भांडणार!” म्हणत त्याने पान्हा शोधला.

इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. कागदावरचा आकडा आणि पेटीवरचा आकडा बोटाने जुळवत दोन राउटर आणि तीन स्विच काढले. एक निळी चपटी वायरही हवी होती. तसल्याच वायरीने भंगारवाल्याने रद्दीचा गठ्ठा बांधला होता. गठ्ठा सोडला, वायर घेतली.

आता माझी चूक सांगते. सून कामावरून यायच्या आत मी पेट्या लखलखीत केल्या. चिकटवलेले कागद मला बघवत नाहीत, जन्मभर तेच खरवडलेत. रॉकेल लावून एकूण एक काढले. सून आली, तिने मला मिठीच मारली. मग पेट्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि हळूच विचारलं, “आई, यावर पेनाने काही लिहिलेलं होतं का?”

होतं. तिन्ही स्विचवर. ते पासवर्ड होते, आणि ते कागद कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेले होते.

लेकीच्या तोंडून हे जावयांना कळलं. रविवारी मुद्दाम आले. एका स्विचला निळ्या वायरीने सुनेचा लॅपटॉप जोडून बघितला आणि पेटीवर टिचकी मारली.

“झालं. आई, तुम्ही भंगाराचंही भंगार केलंत. पासवर्ड नाही म्हणजे हा नुसता पत्रा. आम्ही असले फेकून देतो.”

माझं तोंड एवढंसं झालं. पण सून उठली.

“फेकता? पुस्तकात उपाय दिलाय की.” तिने पेटीची विजेची वायर उपटली. “आई, इकडे या. पुढचं हे बारीक बटण दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

मी अंगठा रोवला. तिने मागून ती वायर परत खुपसली. पंखा गिरणीसारखा घुमायला लागला, दिवा लुकलुकला, माझा अंगठा बधिर झाला.

“आई, सोडा, उगाच हात दुखेल,” जावई म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. सोडा म्हणणारी ती आहे.”

“सोडा!” सून ओरडली. पडद्यावर भराभर अक्षरं आली. तिने चारपाच ओळी टाइप केल्या, पेटी बंद करून पुन्हा चालू केली आणि या खेपेला पेटीने पासवर्ड विचारलाच नाही. जावयांनी चहा अर्धा ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

उरलेला महिना पिठाच्या डब्यांची फळी यंत्रांची झाली. डबे खाली, यंत्रं वर. सून आंघोळीला गेली की मी एखादी वायर उपटून ठेवायची आणि तिने येऊन कुठली ते शोधायचं. आधी तासभर लागायचा. शेवटी शेवटी ओले केस पुसता पुसता सांगायची. परीक्षेला गेली तेव्हा कुठे अडली नाही. पास झाली आणि दवाखान्यातली ती जागा तिला मिळाली.

पुढच्याच रविवारी जावई दोन रिकामी खोकी घेऊन दारात.

“आई, कचेरीत ही परीक्षा आता सगळ्यांना सक्तीची केलीय. तुमचं काम तर झालंच आहे. यंत्रं घेऊन जातो.”

म्हणजे बारा वर्षं त्या धंद्यात काढून हे परीक्षेला बसलेच नव्हते! त्या “बघू”च्या मागे वहिनी पुढे जाईल ही धास्ती होती, ते मला तेव्हा उमगलं.

“आणि तुमच्या कपाटातली?”

“ती... पासवर्ड नव्हते. फेकली.”

सून खाली बघत होती. ती ‘घ्या’ म्हणाली असती, म्हणून मीच बोलले.

“जावईबापू, खोकी परत न्या. यंत्रं या घरातून हलणार नाहीत. शिकायचं असेल तर संध्याकाळी येत जा. शिकवेल ती. ‘वहिनी, कशाला’ म्हणायचं नाही, सांगेल ते लिहून घ्यायचं. आणि बटण तुम्ही धरायचं. ती सोडा म्हणेपर्यंत.”