आशाबाईचं सीताफळ

"घरात येत नाय, बाई. नुसतं झाड बघू द्या," वच्छलाबाई फाटकाबाहेरून म्हणाली.

आशाबाईनं आतून कडी घातली होती. दौलताबादच्या त्या गल्लीत दर आठवड्याला काही बायका झाडं तपासत फिरायच्या. कीड किंवा रोग दिसला, की मोबाइलवर फोटो काढून कृषी केंद्राला पाठवायच्या. वच्छलाबाई त्यांच्यात वयानं मोठी. तिचा जन्म शेळ्यांमागं डोंगरात गेला होता. रानातली सीताफळं विकूनच तिनं दोन्ही लेकी वाढवल्या होत्या.

मध्यंतरी पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, कापसासारख्या किडीनं गल्लीतल्या पपया खाल्ल्या. बायकांनी मालकांना विचारून त्या तोडल्या, जाळल्या. तेव्हापासून आशाबाई कुणालाच आत घेत नव्हती. तिच्या अंगणातलं सीताफळ तिच्या नवऱ्यानं, नानासाहेबांनी लावलेलं होतं, आणि नानासाहेबांचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं. पण भिंतीवर मुंग्यांची रांग लागली होती, बाहेर झुकलेल्या फांदीवर तसेच पांढरे पुंजके होते. भिंतीपलीकडं लगेच डोंगर चढत गेला होता.

बाकीच्या बायका पुढं गेल्या. वच्छलाबाई फाटकाशी बसून राहिली. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

"तोडायलाच आलीस ना?" आशाबाईनं विचारलं.

"व्हय. खोटं कशाला बोलू? फांद्या समद्या जातील, खोड ठिवू. फुटलं तर फुटंल. पण ही कीड डोंगरावरच्या सीताफळांवर गेली, तर तिथं कोण छाटायला जाणार?"

"पाय सुजले व्हते, तरी पाणी घालायचे ते याला."

"मला ठावं हाय. या झाडापायी माझ्या शेळ्यांवर लई डाफरायचे."

आशाबाईला हसू आलं, आणि हसता हसताच ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. वच्छलाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं आशाबाई घरात गेली आणि कोयता घेऊन आली. पहिली फांदी मी तोडते, म्हणाली.

दोघींनी मिळून झाड छाटलं, फांद्या खड्ड्यात जाळल्या, खोड साबणाच्या पाण्यानं धुतलं. कीड वाहून नेणाऱ्या मुंग्या चढू नयेत म्हणून वच्छलाबाईनं खोडाला ग्रीस लावलेली पट्टी गुंडाळली.

दुपार कलली होती. वच्छलाबाईला शेळ्या सोडायच्या होत्या, तरी ती उठली नाही. दोघी पायरीवर बसल्या. अंगणभर ऊन पसरलं होतं. आशाबाईनं डोळ्यांवर हात धरला, मग थोडी सरकली आणि वच्छलाबाईच्या सावलीत बसली.