फक्त अल्विन

"अगं, ओढ ना जरा! उभ्या उभ्या झोपलीस का?" चादरीच्या दुसऱ्या टोकाकडून लॉरेटा ओरडली.

व्हर्नाने चादर ओढली, दोघी पुढे आल्या, टोकं जुळली, घडी पडली. हॉस्पिटलच्या धुलाईघरात दोघींचं हे तीस वर्षं चाललं होतं. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर काळ्या शाईत जिल्ह्याच्या नावाचा शिक्का होता, बर्डेट काउंटी. व्हर्नाचं आडनावही बर्डेट. नवी नर्स आली की हमखास विचारायची, "काय हो, चादरी घरच्याच वाटतं?" आणि व्हर्ना हसायची. सुरुवातीला खरंच हसू यायचं, पुढे पुढे सवयीने.

तेवढ्यात मागच्या दाराने डेल ऑस्ट्रँडर आत आला. गुरांचा मोठा धंदा असलेला माणूस, आणि काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तीन कमिशनरांपैकी एक. एका हातात हॅट, दुसऱ्या हातात डोनटचा खोका.

"निवडणूक आली वाटतं," लॉरेटा म्हणाली.

"तू गप गं. मी व्हर्नाकडे आलोय." डेलने खोका इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. "व्हर्ना, नावाचा प्रश्न सुटला. मलाच सुचलं. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आनंदाने."

नावाचा प्रश्न दोन वर्षं पेटला होता. ओरेगनच्या या कोरड्या, उजाड कोपऱ्यातली ही काउंटी ज्या कॅप्टन बर्डेटच्या नावाने होती, त्याने एका हिवाळ्यात, पहाटे, विलो ओढ्याकाठी झोपलेल्या पायूट आदिवासींच्या तळावर गोळ्या चालवल्या होत्या. तळावर बहुतेक बायका आणि मुलंच होती. पायूट वस्तीतल्या तरुण पोरांनी आता मागणी लावून धरली होती, हे नाव काढा. गावकरी म्हणत होते, पाट्या, पोलिसांच्या गाड्या, बास्केटबॉलच्या पोरांचे गणवेश, सगळं बदलायचं? भांडून भांडून लोकांनी एकमेकांच्या दुकानात जाणं सोडलं होतं.

"नाव बदलायचं नाही," डेल म्हणाला. "माणूस बदलायचा! ठराव करायचा, की आजपासून ही काउंटी त्या कॅप्टनच्या नावाची नाही. अल्विन बर्डेटच्या नावाची आहे. तुमच्या अल्विनच्या!"

लॉरेटाच्या हातातली चादर खाली पडली. "अगं बाई! व्हर्ना! तुझा भाऊ!" आणि ती चक्क रडायलाच लागली.

व्हर्नाने डेलकडे पाहिलं. त्याचेही डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं हे तिला ठाऊक होतं. अल्विन पाण्याचा टँकर चालवायचा. एका उन्हाळ्यात माळावर वणवा पेटला आणि शाळेची बस मधेच अडकली. अल्विनने टँकर आगीतून आत घातला, पोरांना मानगुटीला धरधरून बाहेर काढलं, आणि बसच्या ड्रायव्हरला आणायला परत गेला तो आलाच नाही. त्या पोरांत आठ वर्षांचा डेल होता. दर वर्षी त्या तारखेला तो अल्विनच्या कबरीवर फुलं ठेवायचा, एकदाही चुकला नव्हता. लबाड माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. हा लबाड नव्हता, तीच पंचाईत होती.

"विचार करते," ती म्हणाली.

"विचार कसला त्यात? पाट्या त्याच, गाड्या त्याच, या तुमच्या चादरीसुद्धा याच! काहीच बदलावं लागत नाही बघा."

काहीच बदलावं लागत नाही. डेल गेल्यावर व्हर्नाने त्याचा एकही डोनट खाल्ला नाही. लॉरेटाने दोन खाल्ले आणि तिसरा हातात घेऊन विचारलं, "तुला आनंद नाही झाला?"

"लॉरेटा, आमचं आडनाव बर्डेट कसं झालं, विचारलंस कधी?"

"तुझ्या बापाचं होतं म्हणून."

"माझ्या पणजीला त्या ओढ्यात पकडलं. चार-पाच वर्षांची पोर, मेलेल्या आईखाली दडलेली. किल्ल्यावर आणली. तिथल्या कारकुनाने नाव काय लिहावं? कॅप्टनच्या खेचरांवर जो शिक्का मारायचे, तोच. बर्डेटची. ती त्याच्या घरी भांडी घासत मोठी झाली, तिला लग्नाआधीच पोर झालं, आणि आडनाव पुढे चालत आलं."

लॉरेटाने डोनट खोक्यात परत ठेवला. मग दोघी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायला लागल्या.

व्हर्नाला त्या रात्रीपासून जो संताप चढला, तो उतरेना. तिला आयुष्यात राग कमी आला होता. राग परवडायला वेळ लागतो, आणि धुलाईघरात तो नसतो. पण हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं. पोर वणव्यात जळून गेलं, आता त्याच्या पाठीमागे त्या कॅप्टनला लपवायचं, आणि वर बहिणीने आभार मानायचे! आणि दुसऱ्याच्या दुकानातली मिठाई वाटावी तसा भाऊ वाटणारे हे कोण?

सभा कोर्टाच्या मोठ्या खोलीत भरली. भिंतीशी माणसं उभी होती. आधी शाळेचे इतिहासाचे मास्तर उठले आणि त्यांनी ओरेगनमधल्या काउंट्यांची नावं कशी पडली ते रंगवून सांगितलं. कुठे राष्ट्राध्यक्षांची नावं, कुठे नद्यांची, कुठे टोळ्यांची. मॅलह्यूर म्हणजे फ्रेंचांच्या भाषेत दुर्दैव, हे सांगितल्यावर लोक खूप हसले. मग डेलने ठराव वाचला. टाळ्या झाल्या. "आता अल्विनच्या भगिनी दोन शब्द बोलतील," कुणीतरी म्हणालं.

व्हर्ना कामावरच्याच कपड्यांत आली होती. तिने माईक घेतला नाही.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मास्तरांनी नावं वाचली. क्लॅटसप, वास्को, उमाटिला. आमच्यासारख्यांच्या जमिनी घेतल्या आणि नावं ठेवून घेतली. हरीण मारायचं आणि शिंगं दिवाणखान्यात लावायची, तसं. लिंकन, जॅक्सन तर इकडे कधी फिरकलेही नाहीत. त्यातल्या त्यात मॅलह्यूर बरी, निदान खरं बोलते."

कुणी हसलं नाही.

"डेल, तू मनापासून करतोयस, मला कळतं रे. पण अल्विनने तुला आगीतून बाहेर काढलं ते कुणाला लपवायला दारात उभं राहण्यासाठी नाही. त्याचं नाव द्यायचंय ना? मग आधी त्या कॅप्टनला बाहेर काढा. पाटी पुसा. चार दिवस कोरी राहू द्या, लोकांना दिसू दे की इथे काहीतरी होतं ते काढलंय. मग म्हणा, अल्विन काउंटी."

"अल्विन काउंटी?" मागून एक जण हसला. "हे काय नाव झालं?"

"का? माझ्या आईने ठेवलंय ते! आडनाव तेवढं शिपायांनी मारलंय, खेचरावर शिक्का मारतात तसं."

काउंटीचे वकील घसा खाकरून उठले. ताईंच्या भावना आम्हाला समजतात, म्हणाले. पण सन्मान करायला काउंटीला कुणाची परवानगी लागत नाही. मतदान झालं. दोन हात लगेच वर गेले. डेलचा हात सर्वांत शेवटी गेला, खाली बघत, पण गेला. टाळ्या पुन्हा झाल्या, आधीपेक्षा कमी.

"कृतघ्न बाई," दारापाशी कुणीतरी पुटपुटलं.

"कोण बोललं रे ते?" लॉरेटा गर्रकन वळली. "तुझे जन्मापासूनचे लंगोट आम्ही धुतलेत, टॉमी क्रेब्ज! तोंड सांभाळ!"

गाडीत बसल्यावर लॉरेटा म्हणाली, "आता काय करणार? झालं की ते."

"त्यांच्याकडचं झालं," व्हर्ना म्हणाली. "गसकडचा ग्राइंडर मिळेल का गं?"

गस म्हणजे हॉस्पिटलचा बॉयलरवाला. त्याने कशाला हवा ते विचारलं नाही, नवी चकती मात्र घालून दिली.

पायूट वस्तीच्या मागे टेकाडावर दफनभूमी आहे. तिथे बहुतेक लाकडी क्रूस आहेत, अल्विनचा तेवढा दगड. व्हर्नाने पहिल्या पाच पगारांतून तो घेतला होता, आणि त्या वयात आडनाव मोठ्या अक्षरांत कोरून घेतलं होतं, लोकांनी वाचावं म्हणून. ती गुडघ्यांवर बसली, चष्मा लावला आणि ग्राइंडर सुरू केला. आवाजाने कुंपणावरचे कावळे उडाले. लॉरेटा पाण्याचा डबा घेऊन शेजारी उभी.

"व्हर्ना, हे कायद्यात बसतं का?"

"कायदा त्यांचा. दगड माझा."

अक्षरं खोल होती. दगड सहज सोडत नव्हता, खांदे भरून आले. पण ओल्या चादरी उचलून तयार झालेले खांदे होते ते. दुपारपर्यंत सगळी अक्षरं गेली. खाली एक गुळगुळीत, पांढुरका पट्टा राहिला आणि वर एकच नाव.

वणव्याची ती तारीख होती, त्यामुळे डेल येणारच होता. तो फुलं घेऊन टेकाड चढून आला. दुसऱ्या काखेत पितळी पाटी होती. या वर्षी कबरीवर लावायला काउंटीने करून घेतलेली, वर नाव आणि आडनाव दोन्ही चकचकीत. दगडासमोर येऊन तो थांबला. त्याने हॅट काढली. बराच वेळ वाचत राहिला, जणू एकच शब्द वाचायला इतका वेळ लागतो.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "मग ही पाटी कुठे लावू?"

"बर्डेट कुठे सापडला तर त्याच्यावर लाव. इथे कुणी नाही त्या नावाचं."

डेलने फुलं दगडाशी ठेवली, वाकून नीट केली, आणि पाटी काखेत तशीच घेऊन उतरायला लागला.

व्हर्नाने लॉरेटाकडून पाणी घेतलं, फडकं पिळलं आणि अल्विनच्या नावात बसलेला धुरळा पुसायला लागली.